फॉरेन सर्व्हिसमध्ये ह्युमन राइट्सचं काम आतून कसं असतं

रिटायर होऊन मुंबईत परत आल्यापासून दादर-परळच्या अभ्यासिकांमध्ये मला अधूनमधून बोलायला बोलावतात आणि कुणी ना कुणी विचारतंच की मॅडम मला ह्युमन राइट्समध्ये करिअर करायचंय, तर यूपीएससीच्या प्रेफरन्समध्ये आयएफएस, म्हणजे फॉरेन सर्व्हिस, वर टाकू का. दोन मिनिटांत मी एवढंच सांगते की लढायचं असेल तर वकील व्हा नाहीतर एखाद्या संघटनेत जा, सरकारी नोकरीत तुम्ही सरकारची बाजू मांडणार, पगार त्याचाच मिळतो. पोरं हिरमुसतात. पण ते अर्धंच उत्तर आहे, उरलेलं अर्धं सांगायचं तर माझी अख्खी नोकरी सांगावी लागेल, तर सांगतेच आता निवांत बसून.

मी लालबागची. वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी रुपारेलला होते, आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही हे आपल्या इथे कुणाला सांगायला नको. आई डबे करायची, वडील दर आठवड्याला गिरणीच्या गेटवर जाऊन देण्यांचं काय झालं विचारून यायचे. ग्रॅच्युइटी, फंड, थकलेला पगार, 'देणी' हा शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखा वापरला जायचा. मानवी हक्क वगैरे शब्द तेव्हा कानावरही नव्हते.

यूपीएससीचं डोक्यात आलं ते व्हीटीसमोरच्या स्टेट इन्स्टिट्यूटमुळे. हजारीमल सोमाणी मार्गावर सरकारची ही संस्था १९७६ पासून आहे, एन्ट्रन्स देऊन घेतात, तिथे मला पहिल्यांदा शांत बसायला टेबल मिळालं. घरी दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, तुम्हीच बघा. अभ्यासाचं मी फार सांगत नाही, त्यावर सांगणारे शंभर जण आहेत. रँक अशी आली की आयएएस थोडक्यात हुकलं असतं आणि फॉरेन सर्व्हिस मिळत होती. आत्या म्हणाली, परदेशात एकटी, लग्न कोण करणार हिच्याशी.

आत्याचं एक बरोबर होतं, फक्त तिला माहीत नव्हतं की सरकारलाही तोच प्रश्न पडला होता. सी. बी. मुथम्मा या आपल्या फॉरेन सर्व्हिसमधल्या पहिल्या बाई, १९४९ च्या. तेव्हाचे आणि नंतर १९६१ ला केलेले सर्व्हिस रूल्स असे की बाई अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि संसारामुळे कामात कमी पडते असं वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. पुरुषाला असलं काही नाही. मुथम्मांना बढती नाकारली तेव्हा त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. १९७९ ला निकाल आला, तोवर त्यांना बढती मिळाली होती म्हणून याचिका तिथेच थांबली, पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर असे ताशेरे ओढले की विचारू नका, आणि सरकारला ते नियम काढतो असं सांगावं लागलं. म्हणजे मी जॉइन झाले त्याच्या जेमतेम दहा वर्षं आधी. माझ्या मते आपल्या परराष्ट्र खात्यात मानवी हक्कांची सगळ्यात मोठी केस कुठल्या परदेशात झाली नाही, ती खात्याच्या स्वतःच्या रूलबुकवर झाली, आणि लढली ती नोकरीत असलेल्या बाईने. हे मसुरीच्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नाही हं, एका सीनियर मॅडमनी चहा पिताना सांगितलं.

ट्रेनिंगचं थोडक्यात. आधी मसुरीला सगळ्या सर्व्हिसेस एकत्र, मग दिल्लीत फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट, जिचं २०२० ला सुषमा स्वराज यांचं नाव ठेवलं, मग भारतदर्शन, जिल्ह्यात अ‍ॅटॅचमेंट, आर्मीबरोबर काही काळ, आणि नंतर एक परदेशी भाषा नेमून देतात, तिची परीक्षा पास झाल्याशिवाय कन्फर्म होत नाही. त्या काळात ह्युमन राइट्स म्हटलं की खात्यात एकच विषय, दक्षिण आफ्रिका. १९४६ ला यूएनमध्ये तिथल्या भारतीयांच्या वागणुकीचा प्रश्न आपणच नेला होता, विजयालक्ष्मी पंडित तेव्हा आपल्या डेलिगेशनच्या प्रमुख होत्या. माझ्या पहिल्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका वगळून असं छापलेलं होतं. नोव्हेंबर १९९३ ला संबंध परत सुरू झाले आणि तो शिक्का गेला. त्यामुळे आमच्या पिढीला असं वाटायचं की या विषयात आपण कायम विचारणाऱ्यांच्या बाजूला बसतो. दुसऱ्या बाजूला बसायची वेळ पुढे आली.

आता खरं काम. माझी ह्युमन राइट्सची पहिली पोस्टिंग कोणती विचाराल तर लोकांना वाटतं जिनिव्हा, कारण यूएनचं ह्युमन राइट्सचं काम तिथे चालतं. मी सांगते आखात. एका दूतावासातली लेबर विंग, कुठला देश ते राहू दे. सकाळी खिडकी उघडायच्या आधी बाहेर रांग, आणि दहातल्या नऊ जणांची गोष्ट एकच. मुंबईतल्या एजंटने एक कॉन्ट्रॅक्ट दाखवलं, उतरल्यावर दुसऱ्या अरबी कागदावर सही घेतली, पगार कमी, काम वेगळं, आणि पासपोर्ट कफीलने काढून घेतला. कफील म्हणजे स्पॉन्सर. त्याच्या सहीशिवाय नोकरी बदलता यायची नाही आणि काही ठिकाणी तर देशाबाहेरही पडता यायचं नाही. आपल्याकडे १९८३ चा एमिग्रेशन अ‍ॅक्ट आहे, त्यात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स नावाचा अधिकारी असतो, मुंबईतही त्याचं ऑफिस आहे, कमी शिकलेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, असं येतं आणि ठराविक देशांत कामाला जायचं तर क्लिअरन्स घ्यावा लागतो. व्यवस्था चांगली आहे, फक्त ती विमानाच्या दारापर्यंत पोचते. पुढे तो माणूस आणि कफील.

एक राजापूरकडचा गवंडी मला आठवतो. हिंदीत काहीतरी बोलायला गेला तर जमेना, मी मराठीत गाव विचारलं, मग विचारलं जेवलात का, तर माणूस बोलायचाच थांबला. थोड्या वेळाने म्हणाला, "बाय, सात म्हयने पगार नाय, आणि आई आजारी हाय." आम्ही कंपनीला फोन लावला. दूतावासाच्या हातात तेव्हा तेवढंच असायचं, फोन, पत्र, आणि तिथल्या लेबर खात्यात जाऊन बसणं. शेवटी कंपनीचा मंदूब आला, मंदूब म्हणजे सरकारी कागदपत्रांची कामं करणारा त्यांचा माणूस, बरोबर पासपोर्ट, तिकीट आणि एक कागद. कागदावर लिहिलेलं की माझी सगळी देणी मिळाली, माझी काही तक्रार नाही. रकमेची जागा कोरी. सही केली तर उद्या विमान, नाही केली तर लेबर कोर्ट, आणि ते चालेल तोवर दुसरीकडे काम करता येणार नाही, राहणार कुठे, खाणार काय. मी त्याला दोन्ही बाजू सांगितल्या. त्याला सही येत होती पण मंदूबला अंगठा हवा होता, का ते कुणाला ठाऊक, कदाचित सवय. शाईचा पॅड माझ्याच टेबलावरचा. त्याने अंगठा उठवला, पॅडच्या कडेला नीट पुसला आणि मला म्हणाला की तुमचा पॅड खराब झाला.

देणी. मी त्या रात्री वडिलांना फोन केला नाही, करावासा वाटला पण बोलणार काय.

आमच्याकडून दर महिन्याला दिल्लीला रिपोर्ट जायचा. आलेल्या केसेस, मिटलेल्या केसेस, बाकी. त्या गवंड्याची केस 'मिटलेल्या'त गेली. मला ते काही पटेना, म्हणून मी त्या तक्त्याला एक कॉलम जोडला, केस मिटवताना कामगाराने अंदाजे किती रक्कम सोडून दिली. कुणी मागितला नव्हता. आमचे बॉस म्हणाले, उगाच काम वाढवतेस, पण काढूनही टाकला नाही. जवळजवळ वर्षभर त्या कॉलमवर कुणी एक अक्षर बोललं नाही, आणि मग दोन देशांची लेबरवरची बोलणी ठरली तेव्हा दिल्लीहून टेलेक्स आला की ते आकडे एकत्र करून पाठवा. बोलण्यांमधून लगेच काही क्रांती झाली नाही. पण टेबलावर आकडा ठेवता आला. मला या नोकरीत काय करता येईल ते मला त्या कॉलममुळे कळलं, बाकी भाषणंबिषणं ठीक आहेत.

जिनिव्हाला मी गेले ते २००६ मध्ये, आणि अगदी मोक्याच्या वेळी. यूएनचं जुनं ह्युमन राइट्स कमिशन बरखास्त होऊन त्याच वर्षी ह्युमन राइट्स काउन्सिल आलं. ४७ देश, तीन वर्षांची मुदत, लागोपाठ दोनच टर्म, वर्षातून किमान तीन सेशन्स मिळून दहा आठवडे बैठका. आपला भारत पहिल्याच निवडणुकीत निवडून आला. जुन्या कमिशनबद्दल आमच्या सीनियर लोकांकडे १९९४ ची गोष्ट असायची, पाकिस्तानने काश्मीरवर ठराव आणला होता आणि नरसिंह रावांनी डेलिगेशनचं नेतृत्व विरोधी पक्षनेते वाजपेयींकडे दिलं, बरोबर सलमान खुर्शीद, फारूक अब्दुल्ला, आणि तो ठराव मागे घेतला गेला. ही गोष्ट सांगताना प्रत्येक जण आपण त्या खोलीत होतो असं सांगायचा, खोली केवढी मोठी असेल देव जाणे.

रोजचं काम कसं असतं सांगते. सकाळी रू द व्हॅलेवरच्या आपल्या मिशनमध्ये दिल्लीहून काय सूचना आल्यात ते बघायचं, मग पॅले दे नासिओंमध्ये, म्हणजे यूएनच्या तिथल्या मुख्य इमारतीत. मोठ्या हॉलमध्ये जी भाषणं होतात ती टीव्हीसाठी, खरं काम बाजूच्या छोट्या खोल्यांतल्या इन्फॉर्मल्समध्ये, म्हणजे अनौपचारिक बैठकांत. ठरावाचा मसुदा स्क्रीनवर, ज्यावर वाद आहे ते चौकटी कंसात, आणि वीस-पंचवीस देशांचे थर्ड सेक्रेटरी ते काउन्सेलर एकेका वाक्यावर तास-तास. बोलायचं असेल तर देशाच्या नावाची पाटी उभी करायची. सगळ्यात जास्त चालणारं हत्यार म्हणजे आधी कुठल्यातरी ठरावात सगळ्यांनी मान्य केलेली वाक्यरचना, ती शोधून काढली की समोरचा गप्प होतो, म्हणून चांगल्या डेलिगेटकडे जुन्या ठरावांची फाईल पाठ असते. ज्यांना भाषण करायची हौस आहे त्यांना ही जागा मानवत नाही. ज्यांना सोसायटीच्या मीटिंगमध्ये उपविधी वाचून दाखवायची सवय आहे ते इथे मजेत राहतील.

आणि मग फेब्रुवारी २००७. यूएनचा वंशभेदविरोधी करार आपण १९६८ ला मंजूर केलाय, त्याच्या समितीपुढे भारताची पाळी होती. वाद तुम्हाला माहिती असेल, डर्बनच्या २००१ च्या वंशभेदविरोधी परिषदेपासूनचा. करारात जन्मावरून होणारा भेद असा उल्लेख आहे, समितीचं म्हणणं त्यात जात येते, आपल्या सरकारचं म्हणणं जात म्हणजे वंश नव्हे, त्यासाठी आमची राज्यघटना आहे, १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे, ते आम्ही घरात बघतो. मी डेलिगेशनच्या मागच्या रांगेत, कागद पुढे सरकवायला. समितीला माहिती द्यायला आपल्याकडचे दलित कार्यकर्ते आले होते, त्यातले काही विदर्भातले. मधल्या सुट्टीत कॉफीच्या टेबलाजवळ त्यातल्या एका बाईंनी मला मराठीत हाक मारली. म्हणाल्या, "ताई, तुम्ही आपल्याकडच्याच ना? तुमचं सरकार म्हणतं कायदा आहे. कायदा आहे हे आम्हीच तर सांगतो, केस उभी राहत नाही हे कोण सांगणार?" मी म्हटलं, मी आत्ता त्यावर काही बोलू शकत नाही. त्या म्हणाल्या, माहितीये, म्हणूनच बोलतेय, ऐकून घ्या. मग पिशवीतून चिवडा काढला. आम्ही चिवडा खाल्ला, लेकीच्या दहावीबद्दल बोललो आणि पाऊण तासाने आपापल्या बाजूच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो.

सरकारची ती भूमिका मला पूर्ण पटलेली नव्हती, आता हे लिहायला हरकत नाही. पण मी त्या खुर्चीत माझं मत सांगायला बसलेली नव्हते, १४० कोटी नाही म्हणा तेव्हा ११० कोटींच्या वतीने दिल्लीने ठरवलेलं सांगायला होते, आणि हे ज्याला पेलत नाही त्याने खरंच या सर्व्हिसमध्ये येऊ नये, आयुष्यभर चिडचिड होईल. करता काय येतं, तर संध्याकाळी दिल्लीला जो रिपोर्ट जातो त्यात त्या बाईंचा मुद्दा जसाच्या तसा लिहिता येतो. शिक्षा होण्याचं प्रमाण, तपासाला लागणारा वेळ, याचे आकडे समिती पुन्हा विचारेल, तयार ठेवावेत. अशा भाषेत. समितीने शेवटच्या निरीक्षणांत जात या करारात येते हे स्वतःचं म्हणणं कायम ठेवलं, आपण आपलं ठेवलं.

पुढच्या वर्षी, एप्रिल २००८ ला, यूपीआर सुरू झालं. युनिव्हर्सल पिरिऑडिक रिव्ह्यू, म्हणजे यूएनच्या प्रत्येक देशाची पाळी, दर काही वर्षांनी, मोठा असो की छोटा, बाकीचे देश प्रश्न विचारणार आणि शिफारशी करणार. पहिल्याच सेशनमध्ये भारत होता. तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं हे कसं चालणार, सगळेच हातचं राखून बोलत होते, आपल्याला शिफारशी आल्या फक्त १८. आता तुलना बघा, २०१२ ला १६९, २०१७ ला २५०, २०२२ ला ३३९. देश बिघडला की विचारणारे शहाणे झाले यावर वाद घाला हवा तर, माझ्या मते दुसरं जास्त. २०१७ ला ११२ देश बोलले, साडेतीन तासांच्या रिव्ह्यूत त्यांच्या वाट्याला एकूण १४० मिनिटं, म्हणजे प्रत्येकाला सव्वा मिनिट. सव्वा मिनिटात आधी अभिनंदन करायचं आणि मग तीन शिफारशी, माइक आपोआप बंद होतो.

२०१२ च्या वेळी मी दिल्लीत, खात्याच्या यूएन इकॉनॉमिक अँड सोशल डिव्हिजनला, म्हणजे जिथून हे सगळं चालतं तिथे. यूपीआरची तयारी म्हणजे काय ते बाहेरून कळत नाही म्हणून जरा सविस्तर. सरकारचा राष्ट्रीय रिपोर्ट तेव्हा वीस पानांत बसवायचा होता. त्याच्याबरोबर यूएनच्या ह्युमन राइट्स हायकमिशनरच्या ऑफिसने काढलेलं दहा पानी संकलन आणि संघटनांनी पाठवलेल्या माहितीचा दहा पानी गोषवारा, असे तीन कागद जगापुढे जातात. आपल्या वीस पानांसाठी गृह, विधी, महिला बालविकास, सामाजिक न्याय, आदिवासी, आरोग्य, कामगार, शिक्षण, सगळ्यांना पत्रं. आधी साधं पत्र, उत्तर नाही, मग रिमाइंडर, मग डीओ, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावाने पाठवलेलं पत्र, मग फोन. एका खात्याचं उत्तर आलं, 'निल'. एवढंच. त्या खात्याच्या विषयावर संघटनांनी पानंच्या पानं लिहिलेली आणि यांचं म्हणणं निल.

आणि जे लिहून येतं ते सगळं योजनांचं. अमुक योजनेवर इतके कोटी, तमुक मिशन, इतके लाख लाभार्थी. कुणापर्यंत पोचलं नाही आणि का नाही पोचलं, याबद्दल एक ओळ नाही. मी प्रत्येक खात्याला परत लिहिलं की कृपया एक ओळ यावर द्या, कारण तिथे नेमकं तेच विचारणार आहेत. आमच्या ऑफिसात एक सेक्शन ऑफिसर होते, मूळचे अलिबागचे, ते हसायचे, म्हणायचे, मॅडम, आपला जुना कॉलम परत आला वाटतं, कारण मी त्यांना ती आखातातली गोष्ट सांगितली होती. बहुतेकांनी काहीच दिलं नाही. एका जॉइंट सेक्रेटरीने मात्र टाइप न करता हाताने दीड पान लिहून पाठवलं, कुठल्या जिल्ह्यांत योजना अडकली, कशामुळे, काय करता येईल. इतकं प्रामाणिक सरकारी लिखाण मी क्वचित वाचलंय. शेवटच्या मसुद्यात त्यातल्या दोन ओळी राहिल्या, त्याही गुळगुळीत होऊन. पण ते दीड पान ब्रीफमध्ये गेलं, म्हणजे डेलिगेशनच्या हातात उत्तरांची जी जाडजूड फाईल असते तिच्यात, आणि ती फाईल सगळ्या खात्यांच्या माणसांनी वाचली.

त्याच वर्षी मार्चमध्ये काउन्सिलपुढे श्रीलंकेवरचा ठराव आला होता. एखाद्या देशाचं नाव घेऊन आलेल्या ठरावाला पाठिंबा द्यायचा नाही ही आपली जुनी रीत, आणि त्या वेळी आपण बाजूने मत दिलं, २४ विरुद्ध १५, ८ तटस्थ. तामिळनाडूतून केवढा दबाव होता ते पेपरात रोज येत होतं. पुढच्या वर्षी परत बाजूने, २०१४ ला तटस्थ. मुलं विचारतात मग तत्त्व काय. तत्त्व असतं, शेजारही असतो, आघाडीचं सरकारही असतं, आणि सकाळी तुमच्या हातात एक ओळीची सूचना येते. डेस्कवरचा माणूस नोटमध्ये फायदे-तोटे लिहितो, निर्णय त्याचा नसतो.

मे २०१२ ला रिव्ह्यू झाला, डेलिगेशनचे प्रमुख अ‍ॅटर्नी जनरल गुलाम वाहनवटी, आपले मुंबईचेच. १६९ मधल्या ६७ शिफारशी भारताने नंतर स्वीकारल्या. यूपीआरमध्ये दोनच मार्ग असतात, स्वीकारा नाहीतर न स्वीकारता नुसती नोंद घ्या. दर वेळी हमखास येणारी शिफारस छळविरोधी कराराची. आपण त्यावर ऑक्टोबर १९९७ ला सही केलीय, मंजुरी अजून दिलेली नाही. २०१० ला लोकसभेत विधेयक पास झालं, राज्यसभेत सिलेक्ट कमिटीकडे गेलं आणि पुढे लॅप्स झालं. त्यानंतर प्रत्येक फेरीत तीच शिफारस, देश बदलतात, वाक्य तेच. या एका गोष्टीवर मला सरकारच्या बाजूने बोलायला कधीच जमलं नाही, म्हणजे वाचून दाखवलं, पण जमलं नाही. पोलीस ठाण्यात मार खाल्लेला माणूस आमच्या चाळीत मी लहानपणी पाहिलेला आहे, त्यावर फार बोलत नाही.

आता पुढच्या वाटा, कारण मुलांना त्या माहीतच नसतात. एक, यूएनमध्ये थेट नोकरी. तिथे यंग प्रोफेशनल्सची परीक्षा असते, ३२ वर्षांपर्यंत, तुमचा देश त्या वर्षीच्या यादीत असला तरच. पण लक्षात घ्या, तो डिप्लोमॅट नव्हे, तो आंतरराष्ट्रीय नोकर. यूएन चार्टरच्या कलम १०० प्रमाणे त्याला आपल्या सरकारकडून सूचना घेता येत नाहीत. आमच्या अगदी उलट. आणि ते सुखाचं खुर्चीतलं काम आहे असंही समजू नका. सर्जियो व्हिएरा द मेलो हे यूएनमध्ये १९६९ पासून होते, सप्टेंबर २००२ ला ह्युमन राइट्सचे हायकमिशनर झाले, आणि १९ ऑगस्ट २००३ ला बगदादच्या कॅनॉल हॉटेलवरच्या बॉम्बहल्ल्यात गेले, त्यांच्यासकट २२ जण.

दुसरी वाट आपला राष्ट्रीय मानवाधिकार आयोग, १९९३ च्या कायद्याने झालेला. अध्यक्ष आधी फक्त निवृत्त सरन्यायाधीश होऊ शकत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायाधीशही. पण काही सदस्य मानवी हक्कांचा अनुभव असलेले असतात, तिथे न्यायाधीश असायची अट नाही. ज्ञानेश्वर मुळे सगळ्यांना माहिती आहेत, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे, १९८३ ला फॉरेन सर्व्हिसमध्ये, मालदीवला हायकमिशनर, म्हणजे आपले तिथले राजदूत, न्यूयॉर्कला कॉन्सुल जनरल, दिल्लीत सचिव, आणि २०१९ ला आयोगाचे सदस्य. म्हणजे हा रस्ता आहे, फक्त तो पस्तीस वर्षांनी लागतो. आयोगाबद्दलही डोळे उघडे ठेवा. जगभरच्या अशा आयोगांची जी संघटना आहे तिने २०२३ आणि २०२४ असं लागोपाठ आपल्या आयोगाचं मानांकन पुढे ढकललं, आक्षेपांपैकी एक हा की पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा तपास करायला पोलिसच. हे बरोबर की चूक ते तुम्हीच ठरवा, मी म्हणेन आक्षेप खरा आहे, मग घेणारा कोणीही असो.

आणि भाषेचं, निवड असेल तर फ्रेंच किंवा स्पॅनिश. जिनिव्हात इंग्रजीवर भागतं, पण कॉफीच्या टेबलावर भागत नाही. कायदा शिकलेला असेल तर उत्तम, नसेल तर मसुदा लिहायला शिका, मराठीत सुद्धा. मी आता तेच करते. आपल्या राज्याचा मानवी हक्क आयोग त्याच हजारीमल सोमाणी मार्गावर आहे, आमच्या जुन्या इन्स्टिट्यूटच्या रस्त्यावर. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत चालते. तरी लोक चार पानं कळकळीने लिहून आणतात आणि त्यात तारीखच नसते. परवा अभ्यासिकेतल्या एका मुलीने थांबवलं, तिच्या भावाला लॉकअपमध्ये मारलं होतं. मी पहिलं विचारलं, कधी. कारण घटनेला एक वर्ष होऊन गेलं की कायद्याने आयोगाला चौकशी करता येत नाही, आणि तोच विषय कोर्टात चालू असेल तर तेही आधी बघावं लागतं. तिच्याकडे सरकारी हॉस्पिटलचा केसपेपर होता, त्यावर तारीख आणि वेळ दोन्ही, वर्ष भरायला काही आठवडे बाकी. आयोग शिफारस करतो, भरपाई द्या, कारवाई करा असं सरकारला सांगतो, हुकूम सोडत नाही, हेही तिला सांगितलं, खोटी आशा नको. मग आम्ही बसलो लिहायला. ठाण्याचं नाव, किती वाजता नेलं, कुणी नेलं, घरच्यांना कधी कळवलं, डॉक्टरने काय लिहिलं, मॅजिस्ट्रेटपुढे कधी उभं केलं, एकाखाली एक. तिने सुरुवातीला लिहिलेलं 'आमच्या कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला' ते मी खाली नेलं आणि वर पहिल्या ओळीत तारीख टाकली. झेरॉक्स दोन काढ म्हटलं, एक त्यांना द्यायला आणि एकीवर पोच घ्यायला, शिक्क्यासकट.